कूलरसमोरची 'पास्टोरल': चार रेकॉर्डिंगं आणि एक बटण

ज्यांच्या घरी एसी आहे त्यांना या मजकुराचा फारसा उपयोग नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांनी बीथोवनच्या 'पास्टोरल' सिंफनीचं कार्ल ब्योमने संचालन केलेलं 1971 चं रेकॉर्डिंग घ्यावं आणि सुखात राहावं. आम्ही सोलापूरकर होळीच्या आधीच कूलर माळ्यावरून उतरवतो आणि मृग लागेपर्यंत त्याच्यापुढून हलत नाही. बीथोवनची ही सहावी सिंफनी, म्हणजे गावशिवारावरची 'पास्टोरल', मी वीसेक वर्षं त्याच घरघरीत ऐकत आलोय. परवा भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, सहावी घ्यायचीय, कुणाची घेऊ?" एका नावात उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

माझ्याकडे चार रेकॉर्डिंगं आहेत, प्रत्येकाचा संचालक वेगळा. ब्रूनो वॉल्टर आणि कोलंबिया सिंफनी ऑर्केस्ट्रा, 1958. कारायान आणि बर्लिन फिलहार्मोनिक, 1962. वर म्हटलेला ब्योम, व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह. आणि कार्लोस क्लायबरची म्युनिकमधली 1983 ची मैफल. बाजारात आणखी ढीगभर आहेत आणि ती सगळी ऐकल्याचा माझा दावा नाही.

क्लायबरचं लवकर आटोपतो. त्याने ही सिंफनी वाजवली ती एवढ्या एकाच वेळी, आणि बाहेर आली ती वीस वर्षांनी, त्याने मुलासाठी काढून ठेवलेल्या कॅसेटवरून. आमच्या पिढीला कॅसेटचं काय ते सांगायला नको. वाजवणं विलक्षण आहे, चपळ, कुठेही तुपकट नाही. पण आवाज कॅसेटचा तो कॅसेटचाच. तिसरं किंवा चौथं रेकॉर्डिंग म्हणून जरूर घ्या. पहिलं म्हणून घेतलंत तर बीथोवन नेहमी घाईत असायचा असा समज व्हायचा.

कारायानबद्दल माझं मत जरा कडवट आहे, ते तसं धरूनच वाचा. वादन निर्दोष, तंतुवाद्यं रेशमासारखी, आणि सगळं 36 मिनिटांच्या आत संपतं. ब्योमला तेवढ्यालाच 45 लागतात. यातली काही मिनिटं वेगामुळे वाचली, काही पुनरावृत्ती गाळल्यामुळे. तिसऱ्या भागात गावकऱ्यांचा नाच आहे, तो बीथोवनने फिरून एकदा घ्यायला सांगितलाय. कारायान घेत नाही. पाश्चात्त्य कानांना ते चालत असेल. माझा कान ख्यालावर वाढलेला. अंतरा झाला की मुखड्यावर यायचं, एवढी साधी अपेक्षा असते. इथे नाच रंगात येतोय न येतोय तोच चौथ्या भागातल्या वादळाचं आभाळ भरून येतं. गड्ड्याच्या यात्रेत आत शिरल्या शिरल्या कुणीतरी हाताला धरून बाहेर काढावं, तसं वाटतं.

आता ब्योम. डोक्याने निवडायचं तर हेच. दुसऱ्या भागातला ओढा त्याच्याकडे जसा वाहतो तसा इतर कुणाकडे नाही, आणि व्हिएन्नाचा ओबो (सनईसारखं फुंकायचं वाद्य) वेगळ्या बांधणीचा, जरा अनुनासिक, कानात राहणारा. त्या भागाच्या शेवटी तीन पक्षी बोलतात: बासरीवर नाइटिंगेल, ओबोवर लावा, क्लॅरिनेटवर कुकू. पक्ष्यांची नावं बीथोवनने स्वतःच स्वरलिपीत लिहून ठेवलीत. यातला लावा तेवढा आपल्या ओळखीचा. माळढोक बघायला म्हणून नान्नजच्या माळावर गेलो होतो, माळढोक दिसला नाही, गवतातून लावा मात्र ओरडला. मी सोबत्यांना म्हटलं, ब्योमचा ओबो. कुणाला कळलं नाही.

तरीही ब्योम माझ्याकडे वर्षातले सहा महिने कपाटात असतो. कारण आवाजाचं बटण.

या सिंफनीची गंमत अशी की पहिले तीन भाग टिंपानी, म्हणजे ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे, वाजतच नाहीत. वादक ऑर्केस्ट्रात हात बांधून बसलेला असतो. ट्रंपेटसुद्धा तिसऱ्या भागात येतात. म्हणजे पहिली वीस-पंचवीस मिनिटं सगळा कारभार मऊ. दुसऱ्या भागात दोन चेलो, म्हणजे खर्जातली तंतुवाद्यं, तर आवाज आणखी दाबून, म्यूट लावून वाजतात आणि ओढ्याचं पाणी तेच हलवत राहतात. आता त्यासमोर माझा कूलर ठेवा. त्याच्या पंख्याचा आणि पंपाचा आवाज नेमका त्या चेलोंच्याच पट्टीतला. बीथोवनचा ओढा कुठे संपतो आणि माझ्या कूलरची टाकी कुठे सुरू होते, ते कळत नाही. शिवाय गल्लीच्या टोकाला चार माग आहेत, ते त्यांच्या लयीत खडखडत असतात. मग आपण काय करतो? उठून आवाज वाढवतो.

आणि तिथेच फसतो. तिसरा, चौथा, पाचवा हे भाग सलग आहेत, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. वादळाची सुरुवात तर अगदी हळू: खालच्या तारांची नुसती थरथर आणि वर दुसऱ्या व्हायोलिनांचे टपटप थेंब. ते ऐकू यावेत म्हणून बटण आणखी थोडं पुढे. पुढच्या काही सेकंदांत अख्खा ऑर्केस्ट्रा कोसळतो आणि इतका वेळ हात बांधून बसलेला टिंपानीवाला सगळा हिशेब चुकता करतो. ब्योमचं वादळ या चौघांत सर्वांत जबर, म्हणून फजितीही तिथेच सर्वांत मोठी. पहिल्यांदा झालं तेव्हा खालच्या मावशी विड्या वळता वळता अंगणात आल्या आणि ओरडून विचारलं, "काय पडलं ओ वर?" दुसऱ्यांदा त्यांचा नातू उठला. तेव्हापासून तिसरा भाग लागला की मी खुर्ची सोडून बटणाशी जाऊन उभा राहतो. गावकऱ्यांचा नाच मी उभ्याने, एक हात यंत्रावर ठेवून ऐकायचा. हे काही संगीत ऐकणं नव्हे, ही ड्यूटी झाली.

वॉल्टरसाठी मला उठावं लागत नाही. का, ते मी मापून दाखवू शकत नाही. ऑर्केस्ट्रा जवळ बसल्यासारखा वाटतो, मऊ जागाही अंगासरशी येतात, आणि वादळ आलं तरी ते घराच्या आत येत नाही, उंबऱ्याशी थांबतं. वादळ म्हणून ते ब्योमच्या पासंगालाही पुरत नाही, हे कबूल. जुन्या टेपची सुरसुरही आहे. पण ती कूलरमध्ये विरून जाते. 1958 च्या टेपचा दोष सोलापूरच्या उन्हाळ्याने झाकावा, याची मला अजून मजा वाटते.

वॉल्टरचं वय तेव्हा 81 होतं. आदल्याच वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. ऑर्केस्ट्राही परंपरेचा नव्हे, लॉस एंजेलिस भागातले वादक रेकॉर्डिंगसाठी गोळा केलेले. हीच सिंफनी त्याने 1936 मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून वाजवून घेतली होती. दोन वर्षांनी नाझी आले आणि त्याला ते शहर सुटलं. हे माहीत असल्यामुळे शेवटच्या भागातलं मेंढपाळाचं गाणं मला जास्त भावतं की काय, सांगता येत नाही. पण तो ते गाणं ढकलत नाही. विलंबितातल्या बुजुर्ग गवयासारखा समेची वाट बघतो, आणि समही मग त्याच्याकडे चालत येते.

तेव्हा भाच्याला सांगणं असं. हेडफोन लावून रात्री ऐकणार असशील तर आधी ब्योम घे, माझं ऐकू नकोस. वेळ कमी असेल, किंवा पुनरावृत्तीचं तुला सोयरसुतक नसेल, तर कारायानही वाईट नाही. एकदा भारनियमनात कूलर, माग सगळं बंद पडलं होतं, तेव्हा मोबाइलवर इअरफोन लावून मी तोच ऐकला आणि अर्धा तास माझं कडवट मत विसरलो. पण स्पीकरवर, खिडक्या उघड्या ठेवून, घरातल्या माणसांत बसून ऐकायची असेल तर वॉल्टर. आणि कुणाचीही घे, फुकटच्या अ‍ॅपवर ऐकू नकोस. वादळ ओसरून गाणं सुरू व्हायच्या नेमक्या सांध्यावर मला एकदा बनियनची जाहिरात ऐकावी लागली आहे.

या मे महिन्यात एका संध्याकाळी वळीव झाला. अर्ध्या तासात हवा अशी पडली की कूलर बंद केला. वीजही गेली नाही, माग तेवढे थांबले होते. म्हटलं, आज ब्योम. ओढा स्वच्छ ऐकू आला, लावा बोलला, आणि नाच सुरू झाला तसा मी सवयीने उठून बटणाशी जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी पारा पुन्हा 42 वर. कूलरमध्ये पाणी भरलं आणि वॉल्टर लावला.