व्हील बेअरिंग बदलायचं असेल तर आधी प्रेस (दाब देऊन पार्ट बसवायचं मशीन) आहे का ते विचारा (गॅरेज रिव्ह्यू, ५/५)

आमच्या जुन्या स्विफ्टला पुढून घूंऽऽ असा आवाज यायचा, साठच्या पुढे गेलं की वाढायचा, आणि सगळे म्हणत होते टायर खराब झालेत, बदलून टाका. इथल्या दादांनी आधी स्वतः चक्कर मारली, वेग तसाच ठेवून गाडी हलकेच उजवीकडे वळवली की आवाज वाढतो, डावीकडे वळवली की कमी होतो, म्हणजे डावं बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं तो भाग) खराब, कारण वळताना वजन बाहेरच्या चाकावर येतं. मग जॅकवर घेऊन एका हाताने सस्पेन्शनची स्प्रिंग धरली आणि दुसऱ्याने चाक फिरवलं, मला पण हात लावून बघायला सांगितलं, खरखर स्प्रिंगमध्ये स्पष्ट जाणवते.

खरं कौतुक फिटिंगचं आहे. स्विफ्टचं पुढचं बेअरिंग नकलमध्ये (चाकामागचा जाड धातूचा भाग, knuckle) दाबून बसवलेलं असतं, वर सर्क्लिप, म्हणजे ते जागेवर धरणारी रिंग. आधी एका दुसऱ्या गॅरेजमध्ये हेच काम हातोडीने ठोकून केलं होतं आणि ते बेअरिंग पावसाळा पण काढू शकलं नाही. इथे नकल पूर्ण काढून हायड्रॉलिक प्रेसखाली घेतात. नकलमध्ये बसवताना दाब फक्त बाहेरच्या रिंगवर, आणि हब (ज्यावर चाक बोल्टने बसतं तो भाग) आत घालताना आतल्या रिंगला खालून आधार, उलटं केलं तर सगळा जोर बॉलमधून जातो, रेसवर (रिंगमधल्या, बॉल फिरतात त्या खाचेवर) बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून मरायला लागतं! रस्त्यावरच्या खड्ड्यात चाक जोरात आपटलं तरी हेच होतं. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की सील कमजोर असेल तर पाणी आत जातं, ग्रीस खराब, गंज, संपलं. माझं जुनं बेअरिंग त्यांनी उघडून दाखवलं, ग्रीस तपकिरी झालं होतं आणि रेसवरचे डाग डोळ्याला दिसत होते.

एबीएसवाल्या (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चाकाचा वेग सेन्सरला कळवणारी चुंबकीय रिंग असते, ती बाजू उलटी बसली की डॅशबोर्डवर लाइट लागतो, त्यामुळे दाबायच्या आधी ते बाजू तपासतात. हबसकट येणारं, बोल्टवर बसणारं युनिट असेल तर प्रेस लागत नाही, काम पटकन होतं पण पार्ट महाग, कारण हबसकट सगळंच बदलावं लागतं. जुन्या महिंद्रा जीपवाल्यांचं वेगळं, तिथे टेपर रोलर (बॉलऐवजी निमुळते रोलर असलेल्या) बेअरिंगची जोडी, ग्रीस भरा, नट घट्ट-सैल करून प्ले (किती मोकळीक ठेवायची ते) सेट करा, आणि हे पण ते मन लावून करतात.

ॲक्सल नट नवीन लावला आणि शेवटचा टॉर्क (नट आवळायचा जोर) गनने नाही, तो जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचने दिला, हे बघून मला खूप बरं वाटलं. मजुरी इतरांपेक्षा थोडी जास्त आहे पण मी आनंदाने दिली. प्रेस एकच आहे, त्यामुळे सकाळी लवकर गाडी लावा, आणि पार्ट स्वतः आणणार असाल तर सील पॅक बॉक्स घेऊन जा, उघडा पार्ट ते बसवत नाहीत.