पैसे भरून घेतलेलं हवामान ॲप, आठ महिन्यांनंतर

मार्चमध्ये खात्यातून १,६४९ रुपये वळते झाले, तेव्हाच ठरवलं की याच्यावर सविस्तर लिहायचं. सप्टेंबरात सहा महिन्यांसाठी १,१९९ भरले होते. साडेचारशेची वाढ कशासाठी, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. बँकेचा मेसेज आदल्या दिवशी आला होता हे मान्य, पण शेडवर बेदाण्याची निवडणी चालू होती, फोन बघायला सवड नव्हती. ॲपचं नाव लिहीत नाही. रंगीत वाऱ्याचा नकाशा फिरतो, वर मॉडेल, म्हणजे हवामानाचं गणित मांडणारी संगणक प्रणाली, निवडायची पट्टी असते, त्यातलंच एक. असलं ॲप वापरणाऱ्याला बाकी सांगायची गरज नाही.

मी ते दोन ठिकाणांसाठी घेतलं. एक, सोलापूरकडच्या नान्नजजवळची आमची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. ऑक्टोबर छाटणीपासून बेदाणा पेटीत जाईपर्यंत आमचा जीव आभाळाकडे असतो. फुलोऱ्यात पाऊस झाला तर डाऊनी हा बुरशीचा रोग आणि घडकुज, मणी भरल्यावर झाला तर मणी तडकतात, आणि सुकवायच्या रॅकवर माल असताना झाला तर बेदाणा काळा पडतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. दुसरं ठिकाण बॉस्टन. मुलगी तिथे असते आणि हिवाळ्यात तिकडे बर्फाची वादळं येतात.

आता मुख्य तक्रार. बाकी सगळं मी माफ करेन, हे नाही.

या ॲपमध्ये समोर दिसणारा अंदाज कितीच्या रनचा, म्हणजे मॉडेलच्या किती वाजताच्या गणिताचा आहे, ते कुठेही लिहिलेलं नाही. वर फक्त ‘१० मिनिटांपूर्वी अद्ययावत’ असं दिसतं. ही वेळ ॲपने स्वतःच्या सर्व्हरवरून आकडे उचलले त्याची असते, मॉडेल कधी चालवलं त्याची नसते. ज्यांना यात काय एवढं वाटेल, त्यांच्यासाठी जरा खोलात जातो.

जगभर हवामानाचे फुगे ठरलेल्या वेळी सोडतात, आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. त्या नोंदी, उपग्रह, विमानं, समुद्रातले बोये, सगळं एकत्र करून मॉडेल त्या क्षणाचं वातावरण मांडतं आणि तिथून पुढे गणित चालवतं. ही एक रन. अमेरिकेचं सरकारी मॉडेल, जीएफएस, दिवसातून चार वेळा चालतं आणि १६ दिवसांपर्यंत जातं. युरोपियन मॉडेल, म्हणजे ईसीएमडब्ल्यूएफ या युरोपियन हवामान केंद्राचं, तेही चार वेळा चालतं, पण त्याच्या मधल्या दोन रन कमी दिवसांपुरत्या असतात. म्हणून वादळ लांब असलं की लोक त्याच्या दोन मुख्य रनची वाट बघतात. पहाटे साडेपाचच्या रनचे जीएफएसचे आकडे आपल्याकडे सकाळी नऊ-दहापर्यंत यायला लागतात, युरोपियनचे मात्र साडेअकरा ते साडेबारा. म्हणजे रोज सकाळी दोन-अडीच तास असे जातात की एका मॉडेलचा आजचा अंदाज आणि दुसऱ्याचा आदल्या संध्याकाळचा अंदाज शेजारी शेजारी दिसतो. ॲपमध्ये दोन्हींच्या डोक्यावर तेच, १० मिनिटांपूर्वी अद्ययावत.

जानेवारीत याचा फटका बसला.

मुलगी गड्ड्यासाठी, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेसाठी, येणार होती. भोगीच्या दोन दिवस आधी घरी पोहोचेल असं तिकीट होतं, म्हणजे अक्षता सोहळा गाठता आला असता. हा सोहळा जिथे होतो तो सम्मती कट्टा तिने सहा वर्षं पाहिलेला नव्हता. निघायच्या चार-पाच दिवस आधी तिचा फोन आला, ‘बाबा, इथे सगळे बर्फाचं बोलतायत, विमानाच्या दिवशीच वादळ आहे.’ तेव्हापासून मी दोन्ही मॉडेलं धरून बसलो. रात्री दहा-साडेदहाला जीएफएस बघायचं, मग साडेबारापर्यंत जागून युरोपियन. सौ. लवकर झोपते, तिला त्रास नको म्हणून पुढच्या खोलीत बसत होतो.

किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकणारं ते वादळ कुठून जाणार यावर सगळं असतं. केंद्र पन्नास-साठ किलोमीटर समुद्राकडे सरकलं तर बर्फाचा पट्टाच समुद्रात जातो, आणि जमिनीकडे सरकलं तर गरम हवा घुसून बर्फाऐवजी पाऊस पडतो. चार दिवस आधी मॉडेलाला एवढी चूक सहज होते.

एका सकाळी दहाला ॲपमध्ये युरोपियन १८ इंच दाखवत होतं, अमेरिकन ६ इंच. तिकडे रात्रीचे साडेअकरा. मुलगी विचारत होती, तिकीट पुढे ढकलू का. विमान कंपनीने वादळासाठीची सवलत अजून जाहीर केलेली नव्हती, बदलायचं तर खिशातून. मी २०१२ च्या सँडी वादळाचं वाचलेलं होतं. ते आठवडाभर आधी किनाऱ्याकडे वळेल असं युरोपियन मॉडेल सांगत होतं आणि तेव्हा अमेरिकन ते समुद्रात नेत होतं. युरोपियनचा दबदबा तेव्हापासूनच वाढला. मी सांगितलं, ढकल. तिने तीन दिवस पुढचं तिकीट घेतलं, १८५ डॉलर फरक भरला आणि झोपली.

साडेबाराला युरोपियनची नवी रन आली. ५ इंच.

म्हणजे सकाळी दहाला मी दोन मॉडेलांची तुलना करत नव्हतो. एक शिळा अंदाज आणि एक ताजा अंदाज समोरासमोर ठेवून बसलो होतो. ‘युरोपियन: काल संध्याकाळची रन’ एवढे शब्द तिथे असते तर अडीच तास थांबा म्हणालो असतो. शेवटी तिच्या गॅलरीत तिने पट्टी लावून मोजला, साडेचार इंच. तिचं मूळ विमान पन्नास मिनिटं उशिराने सुटलं. ती संक्रांतीला पोहोचली, यात्रेतला होम आणि भाकणूक, म्हणजे पुढच्या वर्षाचं भाकीत, तिला बघायला मिळाली, अक्षता सोहळा गेला. १८५ डॉलरचं वाईट वाटलंच, पण भोगीच्या दिवशी नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आम्ही दोघंच उभे होतो, त्याचं जास्त वाईट वाटलं.

कोणतं मॉडेल श्रेष्ठ, या वादात मला पडायचं नाही. जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्कला दोन फुटांपेक्षा जास्त बर्फाचे इशारे दिले गेले. त्या वेळी युरोपियन मॉडेल पश्चिमेकडे झुकलेलं होतं, म्हणजे वादळ किनाऱ्याच्या जास्त जवळून नेत होतं. सेंट्रल पार्कला पडला ९.८ इंच, आणि त्याच वादळाने बॉस्टनला दोन फूट दिला. फिलाडेल्फियाजवळच्या सरकारी हवामान कार्यालयाच्या प्रमुखाने तेव्हा जाहीर माफी मागितली होती. मॉडेल चुकतं, ते मी धरूनच चालतो. पैसे घेऊन तारीख न टाकलेला माल विकणं मला पटत नाही. बेदाण्याच्या पेटीवरसुद्धा आम्ही पॅकिंगची तारीख टाकतो.

बर्फाबद्दल अजून एक. ॲप सरसकट एका इंच पाण्याचा दहा इंच बर्फ धरतं. कोरड्या, कडक थंडीत तो पंधरा-वीस इंचही होतो आणि किनाऱ्याच्या ओल्या बर्फात सात-आठच. ज्यांची माणसं तिकडे आहेत त्यांनी इंचांचा आकडा सोडून पाण्याचे मिलिमीटर बघावेत.

बॉस्टनची ही हकीकत जानेवारीच्या शेवटी टिपून ठेवली होती आणि शेवटी ‘घेऊ नका’ असं होतं. फेब्रुवारीने ते खोडायला लावलं.

पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमधून बुडवून काढलेली सोनाका जातीची द्राक्षं रॅकवर पसरून सहा दिवस झाले होते. अजून आठवडाभर लागणार होता. नेहमीच्या अंदाजात चार दिवसांनी शून्य मिलिमीटर. पैसे भरणाऱ्यांनाच दिसणारं एक पान ॲपमध्ये आहे, एन्सेम्बलचं. युरोपियन केंद्र सुरुवातीच्या स्थितीत थोडा थोडा फरक करून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतं आणि अशा ५१ रेषा एकाच आलेखावर दिसतात. मी ते पान तोवर गोंधळाचं समजून उघडतच नव्हतो. त्या दिवशी उघडलं. ५१ पैकी ११ रेषांना पाऊस होता. दुसऱ्या दिवशी १७. तिसऱ्या दिवशी मुख्य अंदाजात जेमतेम १ मिलिमीटर आला, पण रेषा २६ झाल्या होत्या.

बागेतल्या माणसाला म्हटलं, शेडच्या चारही बाजूंचे पडदे सोडा आणि वाऱ्याच्या अंगाला ताडपत्री डबल बांधा. तो आभाळाकडे बघून म्हणाला, ‘अण्णा, लख्ख ऊन हाय की वो.’ खरंच होतं. चौथ्या दिवशी दुपारी तीनपासून भरून आलं आणि पाऊण तास झोडपलं. शेडजवळच्या पर्जन्यमापकात ७ मिलिमीटर. जुळे सोलापुरात, म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटरवर, एक थेंब नाही. माल वाचला. दोन रॅकच्या कडेला फक्त शिंतोडे आले, ते वेगळे काढले. पलीकडच्या बागाईतदाराचा बराच माल भिजला. त्याला मी आदल्या रात्री फोन केला होता, पण त्याच्या फोनवर शून्य मिलिमीटर दिसत होतं, मग त्याने कशाला पडदे सोडावेत.

उन्हाळ्याच्या तोंडावरचे हे ढग चार-पाच किलोमीटरचे असतात. युरोपियन मॉडेलचा एक चौकोन ९ किलोमीटरचा, त्यामुळे ढग त्याला स्वतंत्र दिसतच नाही, चौकोनावर सरासरी पसरून १ मिलिमीटर होतो. अशा दिवसांत मिलिमीटरपेक्षा किती रेषा ओल्या आहेत ते मोजावं. या एका पानासाठी मी सप्टेंबरचे १,१९९ वसूल धरतो.

फुकटातही बरंच मिळतं, ते सांगायला हवं. हवामान खात्याचं मौसम ॲप, शेतकऱ्यांसाठी मेघदूत, वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी. दामिनी शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर असावंच. मे २०२५ पासून आपलं स्वतःचं ६ किलोमीटरच्या चौकोनांचं भारत फोरकास्ट सिस्टम हे मॉडेल चालू आहे, ते या परदेशी ॲपच्या यादीत नाही, ही उणीव मला खटकते. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला मी वाचतोच, फवारणीचा निर्णय त्यावरच घेतो. ॲपमधलं रडारचं पान आपल्याकडे उपयोगाचं नाही.

आता ग्राहकसेवा. मार्चमध्ये दोन मागण्या लिहिल्या. वाढीव ४५० परत करा आणि रनची वेळ दाखवा. पहिलं उत्तर चार दिवसांनी, ‘आमचे अंदाज सतत अद्ययावत होत असतात.’ मी स्क्रीनशॉट जोडून पुन्हा लिहिलं. दुसरं उत्तर, ॲप काढून पुन्हा टाका. तिसऱ्यांदा बॉस्टनची सगळी हकीकत लिहिली, तारीख-वेळेसह. त्याला पाच आठवडे उलटले, उत्तर नाही. पैसे मिळाले नाहीत. स्वयंचलित नूतनीकरण बंद केलं आहे, सप्टेंबरात आपोआप काही जाणार नाही.

एक दुरुस्ती करायलाच हवी. मागच्या आठवड्यात मुलीने शोधून काढलं की लॅपटॉपवर त्यांची वेबसाइट उघडली तर पानाच्या अगदी तळाशी करड्या अक्षरांत रनची वेळ आहे, तीही ग्रिनिचची. साडेपाच तास आपण मिळवायचे. म्हणजे माहिती त्यांच्याकडे पहिल्यापासून आहे, मोबाइलवर दाखवत नाहीत एवढंच. त्यामुळे राग कमी झाला की वाढला, हे माझं मलाच ठरवता येत नाही. शेडवर लॅपटॉप घेऊन कोण बसतं?

घ्यायचं की नाही, तर बागाईतदाराने छाटणी ते बेदाणा एवढ्याच काळासाठी घ्यावं आणि एन्सेम्बलचं पान उघडायला शिकावं. नुसतं उद्या पाऊस आहे का बघायचं असेल तर पैसे भरू नका. मी नोव्हेंबरात महिन्याचा भाव बघून ठरवेन.

शेडच्या भिंतीवर खडूने चार वेळांची यादी लिहून ठेवली आहे, कोणत्या मॉडेलची कोणती रन आपल्याकडे किती वाजता येते त्याची. त्याचा फोटो मुलीलाही पाठवला. मेमध्ये तिच्याकडे बर्फ नाही, पण परवा इथल्या वळवाबद्दल मी फोनवर काहीतरी सांगायला लागलो, तर तिने मधेच थांबवून विचारलं, ‘बाबा, कितीची रन?’