किनाऱ्यावरचं हाड की कपाटातलं?

प्राचीन, नामशेष सागरी सरीसृपाची नवी प्रजाती किनाऱ्यावर सापडते, तशी संग्रहालयातही.

इक्थिओटायटन घ्या. इंग्लंडच्या सॉमरसेट किनाऱ्यावर २०१६ मध्ये जबड्याचं अवाढव्य हाड मिळालं. पण एकाच हाडावरून प्रजाती ठरवणं धाडसाचं. २०२० मध्ये अकरा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या वडिलांना तसंच दुसरं गवसलं. तुकडे जोडले, ठेवण जुळली, तेव्हा कुठे २०२४ मध्ये नाव मिळालं. प्राणी अंदाजे २५ मीटर लांब!

इक्थिओसॉरस ॲनिंगी या दुसऱ्या प्रजातीचं नेमकं उलट, आणि मला तोच शोध जास्त भावतो. सांगाडा बराचसा शाबूत, पोटात स्क्विडच्या भुजांवरचे बारीक हुकसुद्धा. तरी इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या संग्रहालयात तो प्लास्टरची प्रतिकृती समजून पडून होता. जीवाश्मतज्ज्ञ डीन लोमॅक्स आणि जूडी मासारे यांनी शेकडो नमुने पडताळले. दंडाच्या आणि मांडीच्या हाडाचा आकार वेगळा निघाला. २०१५ मध्ये त्याला एकोणिसाव्या शतकातली जीवाश्म शोधणारी मेरी ॲनिंग हिचं नाव दिलं.