थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि माझे साडेअठरा हजार गेले

मला २०१९ पासून हाशिमोटो आहे, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉईडच्या ग्रंथीवर उठते आणि ग्रंथी हळूहळू हार्मोन करायचं बंद करते. ते हार्मोन भरून काढणारी थायरॉक्सिनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू होती, सगळं बरं होतं, फक्त केस जात होते आणि वजन हलत नव्हतं. एवढ्यावरच गंडले मी.

शेजारच्या आक्कांनी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये शिबिराला नेलं. तिथला माणूस असला गोड बोलणारा की काय सांगू, प्रत्येकीला ताई ताई. माझा जुना अँटी टीपीओचा, म्हणजे थायरॉईडवर उठणाऱ्या अँटीबॉडीचा रिपोर्ट बघितला आणि म्हणाला ताई, तुमचं शरीर तुम्हालाच खातंय, डॉक्टर नुसता आकडा दाबतोय, मुळाला कोण हातच घालत नाही. आता ह्यातलं शरीर स्वतःलाच खातंय हे खरंच आहे, म्हणून पुढचं पण खरं वाटलं बघा. ९० दिवसांचा कोर्स, १८,५०० रुपये, एक चूर्ण, सकाळी केसांसाठी म्हणून तीन कॅप्सूल, आणि गोळी बंद. भिशी लागलेली, तेच पैसे दिले, ह्यांना सांगितलं पण नाही. पावतीवर औषधाचं नाव नाही, नुसतं 'नोंदणी'.

पहिले पंधरा दिवस काहीच त्रास नाही, मी तर खुशच. नंतर कळलं की ह्या गोळीचं औषध रक्तात निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो, म्हणजे ते दिवस जुन्या गोळीच्या जिवावर निघाले आणि नाव झालं चूर्णाचं.

दीड महिन्यानंतर मात्र भर मे महिन्यात मी पंखा बंद करा म्हणायला लागले. आवाज घोगरा, सकाळी डोळे सुजलेले, हातातल्या पाटल्या साबण लावून पण निघेनात. त्याला फोन केला तर म्हणे विषारी द्रव्यं बाहेर पडतायत, आमच्या लॅबमध्ये रक्त तपासा, पण कॅप्सूल खाऊनच या हं ताई, चुकवू नका. टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की वाढतो तो आकडा, आला ४.१. नॉर्मल! मग मलाच वाटलं माझ्याच डोक्यात काहीतरी आहे.

शेवटी पोरीनं ओढत माझ्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बघितला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि एकच विचारलं, केसांसाठी काय घेताय का? डबी दाखवली. बारीक अक्षरात बायोटिन, केसांसाठी म्हणून विकतात ते व्हिटॅमिन, एका कॅप्सूलमध्ये १० मिलिग्रॅम. काही मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो आणि टी४, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, खोटंच जास्त, हे मला बापजन्मात माहीत नव्हतं. कॅप्सूल बंद करून चार दिवसांनी परत रक्त दिलं. ५२! कॅप्सूल खाऊनच या असं तो का म्हणत होता ते तेव्हा डोक्यात पेटलं. त्याला हे माहीत होतं का नव्हतं देव जाणे, मला तरी माहीत होतं असंच वाटतं.

डॉक्टर ओरडले नाहीत, त्यामुळे जास्तच लाज वाटली. म्हणाले अँटीबॉडीचा आकडा खाली आणायच्या मागं लागायचं नसतं, ग्रंथी जेवढं करत नाही तेवढं गोळीनं भरून काढायचं, आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघून डोस ठरवायचा. आता पहाटे साडेपाचला गोळी, चहा तासानं, कॅल्शियमची गोळी थेट दुपारी कारण दोन्हीत चार तास तरी पाहिजेत. पाटल्या निघाल्या तिसऱ्या महिन्यात.

पैसे मागायला गेले तर हॉलला कुलूप, फोन बंद. अन्न व औषध प्रशासनाकडं अर्ज दिलाय, पण पावतीवर औषधच नाही म्हटल्यावर काय दाखवणार, तरी डबी जपून ठेवली आहे.

आक्कांना ४.१ आणि ५२ चे दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. चष्मा लावून वाचले त्यांनी आणि म्हणाल्या, तुझं पथ्य चुकलं असंल बाई, माझा दुसरा कोर्स सोमवारपासून आहे.