पोस्टातलं पीपीएफ खातं: पहिल्या पगारालाच उघडावं असं

मला नोकरी लागली तेव्हा घरच्यांनी पाटल्या करायला सांगितल्या; स्वतःच्या नावावर पीपीएफ, म्हणजे सरकारच्या लांब मुदतीच्या बचत योजनेचं खातं, उघड, असं कुणीच म्हणालं नाही. आता ऑफिसात नवी मुलगी आली की मी तिला पोस्टात घेऊन जाते. वर्षाला किमान 500 रुपये, मुदत 15 वर्षं. पैसे महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या रकमेचं त्या महिन्याचं व्याज बुडतं. पासबुकातली नोंद खिडकीवरच तपासा.

मला सगळ्यात भावलं ते हे, की हे खातं जॉइंट निघतच नाही. लग्न होवो, गाव बदलो, खातं तिचंच. दुसऱ्या पोस्टात हलवताही येतं. पैसे अडकतात, खरंय. पण दिराच्या धंद्यासाठी कुणी मागितले तर पहिली काही वर्षं तरी 'निघत नाहीत' असं सरळ सांगता येतं.