तीन रोटेशनचं पॅकेज: कामाला आलं एकच

पाचपैकी दोन स्टार. पुण्यातल्या ज्या कन्सल्टन्सीकडून आम्ही लेकीसाठी अमेरिकेतल्या तीन क्लिनिकल रोटेशनचं, म्हणजे तिथल्या दवाखान्यांत काही आठवडे अनुभव घेण्याचं, पॅकेज घेतलं, तिचं नाव लिहीत नाही. पण अशा कुठल्याही ऑफिसात चेकबुक घेऊन जाण्याआधी आईवडिलांनी हे वाचावं, अशी मनापासून इच्छा आहे. मी स्वतः डॉक्टर आहे, सहकारनगरला पंचवीस वर्षं दवाखाना चालवते, आणि तरीही फसगत झाली.

लेकीला इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिकडच्या पोस्ट ग्रॅज्युएशनसाठी, अर्ज करायचा होता. पहिल्याच भेटीत तिथल्या मुलाने सांगितलं, "मॅडम, तीन रोटेशन्स कंपल्सरीच आहेत. त्याशिवाय इंटरव्ह्यू येत नाही." स्टेप वनचा, म्हणजे अमेरिकेत डॉक्टर व्हायला द्यावी लागणाऱ्या पहिल्या परीक्षेचा, निकाल जानेवारी २०२२ पासून नुसता पास किंवा नापास असा लागतो. मार्कांचा आधार गेला, मग वेगळं काय दाखवायचं, ही धास्ती प्रत्येक घरात आहे. आम्हीही त्याच धास्तीपोटी सही केली.

कंपल्सरी वगैरे काही नसतं, हे नंतर कळलं. अवे रोटेशन ही मुळात तिकडच्या विद्यार्थ्यांची पद्धत. शेवटच्या वर्षी आपलं कॉलेज सोडून चार आठवडे दुसऱ्या हॉस्पिटलात काम करायचं. ऑर्थो, न्यूरोसर्जरी, ईएनटी अशा चुरशीच्या शाखांत ते जवळजवळ टळत नाही, कारण महिनाभर काम बघितल्याशिवाय मुलाला घ्यायला ते लोक तयार नसतात. इमर्जन्सी मेडिसिनमध्ये तर त्या रोटेशनवरून ठरावीक नमुन्यातलं शिफारसपत्र लागतं. मेडिसिन, पीडियाट्रिक्स, फॅमिली मेडिसिनला मात्र तिथल्या मुलांचं सहसा त्यावाचून अडत नाही. २०२० साली कोरोनामुळे बहुतेकांची अवे रोटेशन्स बंद पडली, तरी पुढच्या मार्चमध्ये मॅच, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागांचं वाटप, झालाच.

आपल्या मुलांचं तसं नाही. त्यांना तिकडे स्वतःचं असं हॉस्पिटल नसतं. म्हणून त्यांचं काम तिथे प्रत्यक्ष बघितलेल्या डॉक्टरचं एखाददुसरं पत्र हवंच. पण गरज त्या पत्राची आहे. रोटेशन किती केली, हे कोणी मोजत बसत नाही. एका प्रोग्रामला जास्तीत जास्त चार पत्रं जोडता येतात, आणि त्यातलं एखादं इथल्या युनिटच्या सरांचं असलं तरी चालतं.

आमची पहिली दोन रोटेशन्स खासगी क्लिनिकमध्ये होती. तिथे रेसिडेन्सी नाही, रेसिडेंट नाहीत. लेक आठ आठवडे भिंतीला टेकून उभी. डॉक्टर भले होते, पण दर दहा-पंधरा मिनिटांना पुढचा पेशंट, त्यात ते शिकवणार कधी? पत्रं दोघांनीही दिली. ती गोपनीय असतात, आम्ही वाचलेली नाहीत. पण भिंतीपाशी उभ्या असलेल्या मुलीबद्दल कोणी लिहून लिहून काय लिहिणार?

तिसरं रोटेशन रेसिडेन्सी असलेल्या हॉस्पिटलात झालं, आणि तिथे माझी मुलगी घडली. पेशंटला हात लावायची परवानगी नव्हती, पण मोठे डॉक्टर राउंडनंतर तिला रोज एक केस मांडायला लावायचे. पहिल्या दिवशी तिने आपल्याकडच्या सवयीने वय, धंदा, राहणार कुठे, तक्रार किती दिवसांची असं सविस्तर सुरू केलं. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, याला झालंय काय असं तुला वाटतं, आणि आज आपण काय करायचं? पायाला सूज, आडवं झालं की धाप, हार्ट फेल्युअरचा पेशंट. तिला सगळं माहीत होतं, पण स्वतःचं मत आधी मांडायची सवयच नव्हती. मग रोज रात्री तिचा फोन. तिकडे दहा, इकडे सकाळचे साडेसात. मी ओट्यापाशी चहा उकळतेय आणि ती मला केस सांगतेय, "आई, घड्याळ लाव." तिसऱ्या आठवड्यात चार मिनिटांत निदान आणि उपचार मांडायला लागली. या एका रोटेशनसाठी मी पॅकेजचे सगळे पैसे आनंदाने दिले असते.

व्हिसाची कागदपत्रं, लसीकरणाचे दाखले, राहायची खोली ही कामं त्यांनी चोख केली. मुंबईत बीकेसीला झालेल्या व्हिसाच्या मुलाखतीला एकही कागद कमी पडला नाही. दोन स्टार त्याचे.

राग आहे तो एका गोष्टीचा. आम्ही गेलो तेव्हा लेकीची इंटर्नशिप संपायला दोन महिने होते. पेशंट तपासायला मिळेल अशी इलेक्टिव्ह तिकडची बरीच विद्यापीठं फक्त विद्यार्थ्यांना देतात, तीही कॉलेजच्या पत्रावर आणि कित्येक महिने आधी अर्ज केला तर. डिग्री हातात आली की बहुतेक ठिकाणी नुसती ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे हात न लावता बघत उभं राहणं, उरते. इंटर्नशिपची तारीख त्यांच्या फॉर्मवर होती. ती बघूनही कोणी चकार शब्द काढला नाही, उलट दरपत्रकावर तिन्हींपुढे 'हँड्स-ऑन' छापलेलं. जाब विचारला तर म्हणाले, "इन्व्हॉइस झालंय मॅडम, रिफंड होत नाही."

परवा लेकीची एक ज्युनिअर दवाखान्यात आली होती, फायनल इयरची. तिला पीडियाट्रिक्स करायचंय, आणि त्याच ऑफिसातून तीन रोटेशनचं कोटेशन घेऊन आलेली. मी तिला म्हटलं, सही करू नकोस. उद्या सकाळी आधी डीनच्या ऑफिसात जा आणि इलेक्टिव्हसाठी पत्र मिळेल का ते विचार, तू अजून विद्यार्थिनी आहेस.