गेल मॉडेलचा कॅल्क्युलेटर: हार्मोनची चौकशी, पण आडून

गेल मॉडेल या धोका मोजणाऱ्या सूत्रावर चालणारा, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा हा ऑनलाइन कॅल्क्युलेटर मोफत आहे आणि काही मिनिटांत भरून होतो. स्तनाच्या कर्करोगाचा पुढच्या 5 वर्षांतला आणि वयाच्या 90 पर्यंतचा धोका तो टक्क्यांत सांगतो. वय 35 च्या आत असेल तर चालत नाही.

पहिली पाळी कितव्या वर्षी आली आणि पहिलं मूल कितव्या वर्षी झालं, हे दोन प्रश्न खरे हार्मोनचे. पाळी एक वर्ष लवकर आली की मूळ धोका त्याच्याच साधारण 5 टक्क्यांनी वाढतो, कारण इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हार्मोनची चक्रं जास्त होतात आणि प्रत्येक चक्रात स्तनातल्या पेशी विभागतात. इथे चूक होते ती गर्भपात धरण्यात. फक्त जिवंत जन्मलेलं मूल मोजायचं.

मोठी उणीव पुढे आहे. रजोनिवृत्ती कधी आली, वजन किती, रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, यातलं काहीच विचारत नाहीत! पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीतच तयार होतं, म्हणून वजनाचा प्रश्न नसणं खटकतं. गोळ्यांचंही तसंच. पन्नाशीत सुरू करून 5 वर्षं इस्ट्रोजेनसोबत रोज प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन) घेणाऱ्या दर 50 जणींत पुढच्या 20 वर्षांत सुमारे एक जास्तीचा कर्करोग होतो; नुसत्या इस्ट्रोजेनवर तो दर 200 जणींत एक. हा फरक इथल्या आकड्यात कुठेच उतरत नाही.

कुटुंबात हा कर्करोग कुणाला झाला, यात फक्त आई, बहिणी आणि मुली मोजतात. आजी, आत्या, मावशी नाहीत. बीआरसीए या जनुकांतला वंशागत दोष, आधीचा स्तनाचा कर्करोग किंवा छातीवर रेडिएशन असेल तर हे साधन वापरूच नये. वंशाच्या रकान्यात भारतीय बाईला ‘इतर आशियाई अमेरिकी’ निवडावं लागतं. त्यामागची आकडेवारी अमेरिकेत राहणाऱ्या बायकांची आहे, त्यामुळे उत्तर ढोबळच समजा.

5 वर्षांचा आकडा 1.67 टक्क्यांवर गेला की ‘जास्त धोका’ म्हणतात. म्हणजे हजारात 17 जणी. 983 जणींना त्या काळात हा कर्करोग होत नाही. साठीच्या पुढे बऱ्याच जणी केवळ वयामुळे ही रेषा ओलांडतात.

हार्मोनचा हिशेब नीट हवा असेल तर टायरर-क्युझिक मॉडेल हे असंच दुसरं साधन उजवं. ते उंची, वजन, रजोनिवृत्तीचं वय, हार्मोन उपचार, दूरचे नातेवाईक, सगळं विचारतं. नव्या आवृत्तीत स्तनांची घनताही टाकता येते, तेव्हा मॅमोग्राफीचा रिपोर्ट हाताशी ठेवूनच भरायला बसा.